न मोजलेल्या मुलांच्या डॉक्टर

डॉ. कुमुद इंगळे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते भांडताना. सुरतजवळच्या इच्छापोर बाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्याच सकाळी त्या मला लसीसाठी मुले मोजायला वस्तीत घेऊन गेल्या. कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. आज इथे, उद्या गावी असलेल्या भाडेकरूंना कशाला मोजता, म्हणून मालक दारातच आडवा आला. "बेन, आ तो भाडुआत छे. आजे अहीं, काले गाम. एमने शुं गणवाना?"

"केम? भाडुआतने ताव नथी आवतो?" भाडेकरूला ताप येत नाही का, असे ताईंनी विचारले आणि त्याला ओलांडून आत शिरल्या. भाडेकरूंच्या प्रत्येक लेकराचे नाव लिहून घेतल्यावरच आम्ही परतलो.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शांत स्वभावाचे कौतुक कुणी केले असेल, तर त्या ताई मला भेटल्या नाहीत. माझ्या ताई संतापी होत्या. त्यांचा संताप किती रास्त होता, ते सुरतेतल्या आपल्या माणसांना कळावे म्हणून हे लिहिते आहे.

जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांची ठरावीक काळाने तुलना होते. किती बाळांचे लसीकरण पूर्ण झाले, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, अशा आकड्यांवरून तक्त्यात क्रम लागतो. वरची केंद्रे हिरव्या रंगात, तळातली लाल. आमचे केंद्र कायम लाल. आमच्या वस्तीत खानदेशातून आलेली लेक बाळंतपणाला माहेरी जाते, बाळाची पहिली लस तिकडेच होते, ती परत येते आणि लग्नसराईत पुन्हा गावी जाते. ताई त्या बाळाला आपले मानून मोजत, म्हणून त्याची हुकलेली लस आमच्या खात्यावर चढे. शेजारच्या केंद्राने भाडेकरू मोजलेच नव्हते. मुले कमी, त्यामुळे टक्का झकास!

आढावा बैठकीत जिल्ह्याच्या साहेबांनी सल्ला दिला, "डॉक्टर, ही फिरती माणसे आहेत. यांची नावे काढून टाका, टक्का आपोआप सुधारेल."

"नावे काढता येतील, साहेब. मुले कुठे काढू?"

साहेब भडकले. परिचारिका कामचुकार आहेत, त्यांना नोटिसा काढतो, म्हणाले. ताई म्हणाल्या, "या मुलांना मोजा, असे मी सांगितले आहे. पहिली नोटीस माझ्या नावाने काढा." ती नोटीस निघाली. त्यांची बढतीही अडली. त्याचा राग त्यांनी आमच्यावर कधी काढला नाही. उलट मी गरोदर असताना मला लसीच्या टेबलाशी बसवून उन्हातल्या माझ्या फेऱ्या त्या स्वतः करत.

मग त्या शेजारच्या हिरव्या केंद्राच्या हद्दीत गोवर पसरला. हद्द कुणाची, हे न विचारता ताई आम्हाला घेऊन तिकडे गेल्या. एका खोलीत संगीता नावाची बाई तापाने फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. दीड वर्षाची पूर्वा. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. लस दिली होती का, असे ताईंनी विचारले.

"आम्हना घर कोनीच उनं नही, मॅडम," संगीता म्हणाली. तिच्या घरी लसीसाठी कुणी आलेच नव्हते.

ताईंनी दोघींना आपल्याच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेले. पूर्वा वाचली नाही.

पुढच्या बैठकीत त्याच केंद्राला पुष्पगुच्छ मिळाला. आकड्यांत काहीच बिघडले नव्हते. जी मोजलीच नव्हती, तिची लस हुकली कशी म्हणणार? टाळ्या सुरू असतानाच ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पूर्वाचे नाव मोठ्याने उच्चारले.

साहेब म्हणाले, "ही मुलगी कुठल्याच केंद्राच्या यादीत नाही."

"तेच सांगते आहे, साहेब."

एक लेकरू गेले आणि त्या तक्त्यावर साधा ओरखडाही उठला नाही!

ताईंचा मोजणीला विरोध कधीच नव्हता. "मोजायलाच हवे," त्या म्हणत, "पण कोण मोजायचे राहिले, ते आधी विचारा. मग खुशाल क्रमांक लावा."

बैठकीनंतर हिरव्या केंद्राचे तरुण डॉक्टर जिन्याशी थांबले होते. पुष्पगुच्छ त्यांनी खुर्चीवरच सोडला होता. "मॅडम, तुम्ही खोल्यांची मोजणी कशी करता? मला दाखवाल?" त्यांनी विचारले. ताईंनी त्यांना एका शब्दानेही टोचले नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्या त्यांच्याबरोबर दारोदार फिरल्या. पुढच्या तुलनेत ते केंद्र घसरून थेट आमच्या शेजारी, लाल रंगात येऊन बसले. तक्ता मात्र अजून तसाच लागतो आणि खरे बोलणारे अजून तळाशीच असतात.

ताई आता निवृत्त झाल्या आहेत, तरी सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतींत आयाबायांना भेटायला जातात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पाय चालते राहोत, आवाज खणखणीत राहो. शांत आयुष्य लाभो, असे मात्र मी मागणार नाही. एकही लेकरू मोजणीबाहेर राहिले, तर ताई, तुम्ही अशाच भडकत राहा. आम्ही आता तुमच्या मागे नाही, बरोबरीने उभ्या आहोत.