दहा दिवसांच्या श्रामणेराला वंदन

"वंदन करा," भन्ते म्हणाले. मी केलं. गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. समोर बसला होता तेलीबांधा तळ्याजवळ मोबाइलचं दुकान चालवणारा माणूस. सकाळीच त्याचं मुंडण झालेलं. मनगटावर काढून ठेवलेल्या घड्याळाचा पांढरा पट्टा. दहा दिवसांच्या शिबिरापुरता अंगावर चीवर, मग परत दुकान. त्याला पंचशील मी शिकवलं होतं. माझ्या अंगावर चीवर येऊन अकरा वर्षं झाली.

त्यानं पाय आत ओढले. "आर्याजी, राहू द्या न."

भन्त्यांनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. पाय पुन्हा जागेवर आले.

मागे उपासकांनी विहार भरला होता. दुपारपर्यंत माझा वाकलेला फोटो विहाराच्या ग्रुपवर. खाली कोणी लिहिलं, विनय असावा तर असा.

मला उपसंपदा हवी होती. श्रामणेरीची पूर्ण भिक्खुणी व्हायचं होतं. लग्न लावणं, मयताला पुढे बसणं भन्त्यांकडे. मुलांचा रविवारचा वर्ग आणि झाडलोट माझ्याकडे. उपसंपदेचं विचारलं तर भन्ते म्हणाले, आधी नम्रता दिसू द्या. नियम आहे म्हणे, भिक्खुणी होऊन शंभर वर्षं झाली तरी आजच भिक्खू झालेल्याला तिनं वंदन करायचं. हा तर भिक्खूही नव्हता, दहा दिवसांचा श्रामणेर. तरी मी वाकले. आशा फार वाईट.

चीवर घेण्याआधी मी नर्स होते. तेव्हाची एक मैत्रीण ख्रिस्ती. धर्मशास्त्र शिकली, चर्चमध्ये बोलते, पण प्रभुभोजनाची भाकर मोडायला पुरुषच लागतो. तात्यापारा मोहल्ल्यातल्या एक ओळखीच्या बाई पौरोहित्य शिकल्या. लोक त्यांना सत्यनारायणाला बोलावतात, लग्नाला मात्र गुरुजी आणतात. दोघींना मी तोऱ्यात सांगायचे, आमच्याकडे तसं नाही.

पुढच्या रविवारी वर्गात एक मुलगी उठली. सात-आठ वर्षांची. धाकट्या भावासमोर गेली आणि त्याच्या पायांशी डोकं टेकलं. त्यानं ऐटीत पाय पुढे केले. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुम्ही पण तं केलं."

माझ्या अंगाची आग झाली. जन्म पाहून माणसाला उंच-नीच ठरवायचं, हे नाकारून माझे आजोबा या धम्मात आले. बाईचा जन्म हाही जन्मच आहे. आणि मी लेकरांना वाकायला शिकवत होते.

विहाराच्या कमिटीची बैठक झाली. मी उभी राहून म्हणाले, "यापुढे मी वंदन करणार नाही. आणि उपसंपदा घेणार."

अध्यक्ष आधी समजुतीनं बोलले. "आर्याजी, काहून वाढवून राहिल्या? भिक्खुणींची परंपरा तुटली हाय. आता कोणालेच देता येत नाही."

"तोडली कोणी?"

भन्ते खिडकीकडे पाहत होते.

मग अध्यक्ष म्हणाले, "मंग ऐका बाई. पौर्णिमेच्या आत चीवर उतरवा. नंतर काही झालं तं आम्हाले सांगू नका."

क्षणात आर्याजीची बाई झाले.

आठवड्यात विहारामागच्या माझ्या खोलीचा नळ बंद झाला. भोजनदान घेऊन येणाऱ्या बाया येईनाशा झाल्या. एक आली, डबा पायरीवर ठेवला, माझ्याकडे न पाहता गेली. भर दुपारी दोघं जण समोर मोटरसायकल लावून बसतात. काही करत नाहीत. परवा त्यातला एक गोड आवाजात म्हणाला, "दीदी, अकेली रहती हो न?" मी दार लावून घेतलं.

भावाचा फोन आला. "विहारातले लोक तुझं चीवर जाळू म्हणून राहिले. तू नागपूरले निघून ये."

मला भीती वाटते. खूप वाटते.

उद्या मी निघते. तुटली म्हणतात ती परंपरा जिथे पुन्हा सुरू झाली, ज्येष्ठ भिक्खुणी उपसंपदा देतात, तिथे; वस्तीतल्या दोन बाया माझ्या बाजूच्या आहेत, त्यांना सोबत घेऊन. भाऊ म्हणतो, मग तिकडेच राहा. नाही राहणार. ज्या माणसांत मी अकरा वर्षं काढली, त्यांच्यातच भिक्खुणी म्हणून उभी राहीन. विहाराला कुलूप असेल तर रस्त्यावर बसून त्रिशरण देईन. मयताला बोलावतील तिथे जाईन, पुढे बसेन. ते दोघं मोटरसायकलवर असणारच, हे धरूनच परतीचं तिकीट काढलं आहे.