वाइसाकेच्या मापाचा पोकलेन

फिजीतल्या सिंगातोका नदीच्या दोन्ही काठांवर मुनसामीला लोक ‘खड्डेवाला सामी’ म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचे वडील ऊसतोडे. जमीन खंडाची होती. खंडाची मुदत सरली तेव्हा मुनसामी एकोणीस वर्षांचा होता. बापानं भांडीकुंडी बैलगाडीत भरली, आणि मुनसामीनं फावडं आणि पहार खांद्यावर टाकली. तेव्हापासून तो खड्डेच खणत आला: सेप्टिक टँकचे, घराच्या खांबांचे, नळाच्या पाइपांचे. वादळ येऊन गेलं की घरं नव्यानं उभी राहत, आणि घर उभं राहायचं तर आधी खड्डा लागतोच.

अंगानं तो म्हणजे नुसती काडी. त्यामुळे सुरुवातीला लोक त्याला काम द्यायला कचरत. नदीपलीकडच्या गावात पाइपाचा चर खणायला तो पहिल्यांदा गेला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी खाली कातळ लागला. सकाळभर पहार मारून टवकासुद्धा निघेना. समोरच्या ओसरीवर एक धिप्पाड माणूस पपई खात बसला होता. बराच वेळ त्यानं ही गंमत बघितली, मग पपईची साल कोंबड्यांना टाकली, उठून आला आणि मुनसामीच्या हातातली पहार काढून घेतली. दुपारपर्यंत कातळाच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्याला बोलावलं कुणीच नव्हतं.

तो वाइसाके. त्या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली.

वाइसाकेच्या लोकांत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांत, आतेमामे भाऊ एकमेकांना ‘तावाले’ म्हणतात, आणि तावालेची हवी तेवढी टिंगल करायचा हक्क माणसाला जन्मतःच मिळतो. त्या पहिल्याच आठवड्यात वाइसाकेनं मुनसामीला तावाले करून टाकलं आणि लगेच हक्क बजावायला सुरुवात केली. “तावाले, खड्ड्यात सरळ उभा राहू नकोस. कुणीतरी फावड्याचा दांडा समजून उचलून नेईल.” मुनसामीही काही कमी नव्हता. वाइसाके खड्ड्यात उतरला की तो म्हणे, “आता माती काढायची गरज नाही. तू बाहेर आलास की खड्डा आपोआप तयार.”

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मास्तरांच्या घरामागे ते टाकीचा खड्डा खणत होते. मुनसामी घमेली रिकामी करून परत आला तर वाइसाके खड्ड्याच्या तळाशी बसलेला.

“काय रे?”

“काही नाही. जरा सावलीत बसलोय.”

सूर्य डोक्यावर होता. खड्ड्यात बोटभरसुद्धा सावली नव्हती. मुनसामी खाली उतरला आणि त्याच्याशेजारी बसला. थोड्या वेळानं वाइसाके म्हणाला, “डावा गुडघा ऐकत नाहीये.” मास्तरांची शिडी आणून त्याला वर घ्यायला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातली गादी झिजली आहे, आता खड्ड्यात उतरणं नाही, जड उचलणं नाही.

वाइसाके तरी रोज कामावर यायचाच. पालथ्या बादलीवर बसायचा आणि वरून हुकूम सोडायचा. मुनसामीनं दुसरा माणूस लावला नाही. एकट्यानं खणत राहिला. दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस लागू लागले.

त्याची बायको पुष्पम्मा एकदा त्याच्या पाठीला तेल लावताना म्हणाली, “म्हातारे तुम्ही दोघंही झालात. भावजी उघडपणे झाले, तुम्ही लपूनछपून होताय.” मग जरा थांबून म्हणाली, “हॉटेलच्या बागेत ते छोटं यंत्र खणत होतं ना, परवा मी बघितलं. आत बसलेल्या बाईच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.”

मुनसामीच्या डोक्यात तो किडा तेव्हाच शिरला. छोटा पोकलेन घ्यायचा आणि वाइसाकेला त्यावर बसवायचं. गुडघ्याला त्रास नाही, आणि माणूस बादलीवरून उठून कामावर येईल. फक्त हे त्याला सांगायचं नाही. दयेचा वास आला की वाइसाके नाक मुरडायचा. एका वादळात त्याचं छप्पर उडालं, तेव्हा मुनसामीनं पाठवलेले पत्रे त्यानं दोनदा परत धाडले होते. शेवटी मुनसामीनं “माझ्याकडे ठेवायला जागा नाही, तुझ्या घरावर ठेव” असं सांगितल्यावर ते छपरावर चढले. म्हणून मुनसामीनं या वेळी एवढंच सांगितलं, “यंत्र घ्यायचं म्हणतोय. लाउतोक्याला बघायला चल.” वाइसाके “बरं” म्हणाला, आणि त्यानंतरचे आठ दिवस त्यानं एकही टोमणा मारला नाही.

जाण्याआधी मुनसामीनं पेरूची एक सरळ काठी तोडली आणि पुढची कामं जिथं जिथं होती तिथले बोळ मापून आला. घर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली जागा, कुंपण आणि पूर्वजांच्या थडग्यांमधली जागा, फाटकांची रुंदी. सगळ्यात अरुंद जागी त्यानं काठीवर चाकूनं खूण केली. ती जेमतेम मीटरभर भरली.

बसमध्ये वाइसाके खिडकीबाहेर बघत बसला होता. मांडीवर बायकोनं, मेरेसेइनीनं, दिलेला डबा होता: उकडलेला कसाव्याचा कंद आणि नारळाच्या दुधातले मासे. वाटेत नांदी शहर आलं, गेलं, तरी गडी गप्पच. मुनसामीला वाटलं, गुडघा दुखत असेल.

लाउतोक्याच्या बंदराजवळ जपानहून येणारी वापरलेली यंत्रं मिळायची. वखारीची मालकीण एलिस फोंग साठीची होती, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, डोक्यावर वेताची टोपी. मुनसामीनं आधी प्रत्येक इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून बघितला. गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलेलं असेल तर समजायचं, ते सकाळी चालू व्हायला रडतं. एलिस ते बघत होती.

“गार आहेत तिन्ही,” ती म्हणाली. “मला पुढच्या वर्षीसुद्धा इथंच वखार चालवायचीय.”

पहिलं यंत्र मोठं होतं, तीन टनांचं, काचेची केबिन असलेलं. देखणं होतं, पण त्यांच्या जुन्या ट्रकला ते पेललं नसतं, आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलांनी तर हातच टेकले असते. दुसरं दीड टनाच्या आसपासचं, त्यालाही केबिन, पण आटोपशीर. तिसरं साधारण तेवढ्याच वजनाचं, वर नुसतं छप्पर आणि बाजू मोकळ्या.

“हे घे,” वाइसाके दुसऱ्याजवळ जाऊन म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे पहिले शब्द. “तुझ्या ढुंगणाच्या मापाचं आहे. पाऊस लागणार नाही, ऊन लागणार नाही. काच पुसायला एखादा माणूस ठेव.”

“तू बसून बघ.”

“मी कशाला बसू?”

“बस तर.”

“ज्याला चालवायचं त्यानं बसावं.”

मुनसामी काठीनं जमीन उकरत राहिला. एलिसनं एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. “मला आधी हे सांगा,” ती म्हणाली, “चालवणार कोण? यंत्र जमिनीला बघून घेतात, कामाला बघून घेतात, आणि माणसाला बघायचं विसरतात. मग महिन्यानं येऊन माझ्या नावानं खडे फोडतात.”

वाइसाकेनं बोट दाखवलं. “हा.”

मुनसामीनंही बोट दाखवलं. “हा.”

बंदरावर कुठंतरी साखळी ओढल्याचा आवाज येत होता.

“मी?” वाइसाके म्हणाला.

“नाही तर कोण? मी चालवायला लागलो तर पहिल्याच दिवशी मास्तरांचं घर खड्ड्यात घालीन. मला साधी सायकलसुद्धा नीट येत नाही, तुला ठाऊक आहे.”

“तू मला तसं बोलला नाहीस.”

“बोललो असतो तर तू आला असतास?”

वाइसाकेनं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “मला वाटलं, माझ्या जागी यंत्र घेतोयस,” तो हळूच म्हणाला. “आणि शेवटचं म्हणून मला शहर दाखवायला आणलंयस. फिरवायचं, मेजवानी द्यायची आणि मोकळं करायचं.”

“मेजवानी कसली? डबा तुझ्याच बायकोचा आहे.”

वाइसाकेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एवढा जड होता की मुनसामी नेहमीसारखा एका बाजूला कलला. वाइसाकेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला त्याची लाज वाटली नाही, आणि मुनसामीनं मान फिरवली नाही.

मग खरी निवड सुरू झाली. वाइसाके आधी केबिनवाल्यात शिरला. शिरला खरा, पण डावा गुडघा दांड्याखाली अडकला आणि बाहेर येईना. एलिस आणि मुनसामी दोघांनी ओढून काढला. “याला घरासकट विकता का?” वाइसाकेनं विचारलं. आठ दिवसांनी त्याची जीभ मोकळी झाली होती.

तिसऱ्यात मात्र तो नीट बसला. पायाखालची पाटी रुंद होती, डावा पाय लांब करून ठेवता येत होता. गुडघ्यापुढे अजून थोडी जागा हवी होती, म्हणून एलिसच्या मेकॅनिकनं नवीन भोकं पाडून आसन चार बोटं मागं सरकवायचं कबूल केलं. या यंत्राची आणखी एक खुबी होती. एक दांडा ओढला की चाकांच्या जागी असलेल्या दोन्ही बाजूंच्या चेन आत यायच्या, आणि बोळातून पलीकडे गेलं की परत पसरायच्या. चेन आत घेतल्यावर मुनसामीनं पेरूची काठी आडवी धरली. चाकूच्या खुणेच्या आत दोन बोटं जागा उरली.

माती उचलणाऱ्या बकेटच्या सांध्यांना वाइसाकेनं पहार लावून हलवून बघितलं. थोडं खुळखुळलं. “एवढं तर माझ्यातही आहे,” तो म्हणाला. मेकॅनिकनं बकेट जमिनीला टेकवून यंत्राचं पुढचं अंग हातभर वर उचललं आणि इंजिन बंद केलं. “आता जेवून घ्या,” एलिस म्हणाली. “आतून तेल झिरपत असेल तर तुमचं जेवण होईतो हे बसलेलं असेल.” तिघं जण लाकडी खोक्यांवर बसून कसावा आणि मासे जेवले. एलिसनं मेरेसेइनीच्या हाताची तारीफ केली आणि उरलेला रस्सा बोटानं पुसून घेतला. जेवणं झाल्यावर मापलं तर यंत्र जेमतेम बोटभर खाली आलं होतं.

“हेच,” मुनसामी म्हणाला.

“माझ्याकडे बघून म्हण,” वाइसाके म्हणाला. “चालवणार मी आहे.” आणि मग यंत्राच्या हातावर थाप मारून म्हणाला, “हेच.”

शिकायला महिना गेला. नदीकाठच्या वाळूत वाइसाके रोज संध्याकाळी सराव करायचा आणि गावच्या बायका चटया घेऊन तमाशा बघायला बसायच्या. पहिल्या आठवड्यात त्यानं कपडे वाळत घालायचा खांब दोरीसकट उपटला. मेरेसेइनी मुनसामीला म्हणाली, “सामीभाऊ, हा माणूस घरात ताट ठेवताना असाच आपटतो. यंत्राला तरी शिकवा.” मग वाइसाकेनं स्वतःच एक युक्ती काढली. वाळूत नारळ ठेवायचे आणि बकेटनं एकेक उचलून टोपलीत सोडायचे, टोपली न कलंडवता. बायका मोजायच्या. टोपली कलंडली की सगळ्यांना प्यायला ग्रोगची मुळं कुटायची पाळी त्याची. त्या महिन्यात गावानं त्याच्या हातची ग्रोग पुष्कळ प्यायली. शेवटच्या आठवड्यात मात्र बायका चटया गुंडाळून लवकर घरी जाऊ लागल्या. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आता त्याला वर्ष होऊन गेलं. वाइसाके आसनावर मेरेसेइनीनं शिवलेली उशी घेऊन बसतो. खड्ड्याचे कोपरे फावड्यानं साफ करायला मुनसामी उतरतो, तेव्हा वाइसाके इंजिन बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवतो. मुनसामी वर येईपर्यंत दांड्यांना बोट लावत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

परवा त्यांचं काम सुभगीआजीच्या परसात होतं. नवीन मोरीचा चर खणायचा होता, आणि वाटेत कढीपत्त्याचं झाड. आजी झाडाला पाठ लावून उभी राहिली. “माझ्या माणसानं लावलंय,” ती म्हणाली. “चर पलीकडून न्या, नाही तर परत जा.” पलीकडं भिंत होती.

“आजी, तुम्ही खुर्ची आणून इथं बसा,” वाइसाके म्हणाला. “मूळ दिसलं की हात वर करा. मी थांबतो.”

आजी खुर्चीत बसली. बकेट हळूहळू खाली यायची, ओंजळभर माती घेऊन वर जायची. आजीनं हात वर केला की यंत्र जागच्या जागी थांबायचं, मुनसामी बोटांनी मूळ मोकळं करायचा, त्याखालून माती काढायचा, आणि ते ओल्या गोणपाटानं झाकायचा. सहा हात चराला सबंध सकाळ लागली. एकही जाड मूळ तुटलं नाही. शेवटी शेवटी आजी हात वर करायचं विसरली आणि नवऱ्याची गोष्ट सांगू लागली. त्यानं ते रोप टपालातून कसं मागवलं, ते कसं वाळून आलं आणि तरी कसं जगलं, ते सगळं. वाइसाकेनं इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिला.

चहा आला तेव्हा आजीनं पहिला कप वाइसाकेला दिला, दुसरा स्वतः घेतला.

“आणि मला?” चरातून मुनसामीनं विचारलं.

“तू अजून काम करतोयस ना,” आजी म्हणाली. “आधी वर ये, मातीचे हात धू. चहा कुठं पळत नाही.”