बारा अंकांची संख्या

त्या दिवशी बाबांच्या भागाकारात बाकी भाजकापेक्षा मोठी आली.

भाजक ३५७१ होता. "झालं, यानेही जात नाही," म्हणत त्यांनी पाटी पुसायला फडकं उचललं. मी म्हटलं, "बाबा, बाकी मोठी आहे." त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग?" म्हणाले.

बाबांनी कल्याणच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या आमच्या घराच्या वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक त्यांच्या मनात भरला. ही मूळ संख्या असावी, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नसावा, असं त्यांना वाटायचं. शेवटी सात, म्हणून दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज तिनाच्या पाढ्यात नव्हती. सात, अकरा, तेरा यांची परीक्षा त्यांनी तीन-तीन अंकांचे गट पाडून एकदमच घेतली. पुढे रोज सकाळी चहानंतर एक मूळ संख्या घ्यायची, तिने भागायचं आणि पाटी पुसून टाकायची. तेव्हा आई होती. म्हणायची, "बिल भरायचं राहिलंय, आणि हे त्याला भागत बसलेत."

खात्री करायची तर जवळजवळ दहा लाखांपर्यंत जावं लागणार होतं. एवढं आयुष्य कुणाला असतं, असं मी विचारलं. "अगं, मध्येच कुठे भाग गेला तर सुटलो," बाबा म्हणाले.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो पाहिले. हे बरंच आधी सुरू झालेलं असणार, म्हणाले. किती आधी, ते त्यांना सांगता येईना. "घरात काही जाणवलं नाही?"

नव्हतं जाणवलं. रोज सकाळी मी समोर बसून चहा पीत होते.

गेल्या वर्षी बाबा गेले. अखेरीस त्यांना अंक ओळखू येत नव्हते.

दिवसकार्य आटोपल्यावर मी पाटी काढली आणि पहिल्यापासून भागायला घेतलं. शीळफाट्याला राहणारा धाकटा भाऊ एकदा आला, दारातच थबकला.

"ताई, मोबाइलमध्ये टाक ना. सेकंदात सांगेल."

"माहीत आहे."

"तूपण त्यांच्यातलीच," म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

बाबांनी जात नाही म्हणून सोडलेल्या एखाद्या संख्येने भाग गेला, तर त्या सकाळी ते चुकले होते आणि मला ते कळलं नाही, एवढं नक्की होईल. भाग गेला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. बाकी चुकीची काढूनही माणूस 'जात नाही' असं बरोबर म्हणू शकतो. हे सगळं कळतं, तरी शेवटचा अंक खाली उतरवताना भाग जाऊ नये असंच वाटतं. मोबाइल सगळं एकदम सांगेल. मला एवढं एकदम नको आहे.

काल १००९ने भागून पाहिलं. भाग गेला नाही.