मनकर्णाबाईंचा गळका नळ

शहागंजातल्या त्या गल्लीत मनकर्णाबाईंचा नळ गळतो, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. अर्ध्या गल्लीची पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यामुळे बाईंचा नळ दुरुस्त करून द्यावा असं प्रत्येकालाच वाटायचं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी नळवाला सरदार पाना घेऊन दारात उभा राहायचा.

"सिस्टर, आज बघूच द्या. वायसर गेलंय, दुसरं काही नाही. पाच मिनटांचं काम."

"ये. चहा घेतोस?"

"चाय बाद में. पहले नल—"

"साखर किती?"

चहा पिऊन सरदार तसाच परत जायचा. जाताना दारात पुटपुटायचा, "मेरेको पैदा करनेवाली बाई है, क्या बोलू!"

नळाखाली एक पितळी तपेलं असायचं. थेंब त्यात नीट पडेल अशा बेतानं तिरपं ठेवलेलं. साठलेलं पाणी बाई वाया घालवत नसत. त्यात भांडी निघत, तुळस जगत होती. पण नळाला त्यांनी हात लावू दिला नाही. त्याची गोष्ट पिशोरजवळच्या एका वाडीत सुरू होते.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजाम गेला होता, नवे साहेब आले होते, पण वाडीत अजून फारसं काही बदललं नव्हतं. वाडीच्या खालच्या अंगाला नदीनं एक मोठं वळण घेतलं होतं आणि त्या वळणात डोह होता. उन्हाळ्यातही न आटणारा. वरच्या खडकावरून पाणी त्यात पडत राही, आणि तो आवाज वाडीतल्या पहिल्या घरापर्यंत यायचा. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे सात आसरा, पाण्यातल्या देवी. आणि पहिलं घर मनकर्णाचं.

त्या घराची कहाणी वाडीतल्या शेंबड्या पोराला विचारली तरी तो सांगायचा. कितीतरी पिढ्यांमागं या घरातला फकिरा नावाचा गडी बैलांना पाणी पाजायला डोहावर गेला. पाण्यातून एक बाई वर आली. केस ओलेचिंब, लुगडं मात्र कोरडं. फकिरा तिथंच खुळावला. ती त्याच्या घरी नांदायला आली, पण एका बोलीवर: "तू कोण, असं मला विचारायचं नाय. तिसऱ्यांदा विचारलंस की मी निघाले." पहिल्यांदा त्यानं थट्टेत विचारलं. दुसऱ्यांदा भांडणात. मग एकदा शेजारची बाई अडली. सुईणीनं हात टेकले. तेव्हा हिनं त्या बाईच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, "जित्तं हाय. मी ऐकतेय." तासाभरात पोर रडलं. फकिरा इतका चकित झाला की त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, तू हाईस तरी कोण?"

तिनं हात धुतले, आपली तान्ही लेक त्याच्या मांडीवर ठेवली आणि डोहाकडं चालू लागली. जाताना एवढंच म्हणाली, "हिच्या हाताला यश देते. पर या घरातली एक पोर माझ्या आवाजात ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून त्या घरातली एक मुलगी आसरांची. तिनं लग्न करायचं नाही. रोज सात दगडांना पाणी घालायचं, पंचक्रोशीतल्या बाया सोडवायच्या, आणि डोहाचा आवाज येणार नाही अशा ठिकाणी एक रात्रही झोपायचं नाही.

मनकर्णाच्या वेळी ही जागा दगडाबाई आत्याची होती. मनकर्णाची आई लवकर गेली, तिला वाढवलं आत्यानं. आत्या अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. कळा देणाऱ्या बाईला ती म्हणायची, "वरडू नको, पोराला वाटंल भाईर लई भांडणं हायेत, येणारच नाय त्ये." कळा देता देता बाई हसायची. पण आता आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मनकर्णाचं सतरावं सरत आलं होतं. येत्या चैत्री पुनवेला डोहाकाठी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या की ती आसरांची होणार, हे तिच्यासकट सगळ्यांनी धरून ठेवलेलं. तिला त्याचं दुःखही नव्हतं. डोह तिला आवडायचा.

मग माघात कारभाऱ्यांची सून लक्ष्मीबाई अडली.

देवी टोचायला आलेल्या द्वारकाबाई नावाच्या नर्सबाई त्याच दिवशी पिशोरात होत्या. आत्यानंच त्यांना बोलावून घेतलं. म्हणाली, "बाई, माझ्या हाताला समजतंय पर डोळ्याला दिसंना. आपण दोघी मिळून एक सुईण व्हऊ." द्वारकाबाईंना हसू आलं आणि त्या पदर खोचून बसल्या. त्यांनी पिशवीतून एक लाकडी नळी काढली, भोंग्यासारखी. एक तोंड लक्ष्मीच्या पोटावर टेकवलं, दुसरं कानाला. ऐकलं. मग पलीकडं दिवा धरून उभ्या असलेल्या मनकर्णाला म्हणाल्या, "तू ऐक."

मनकर्णानं कान लावला. आधी काहीच नाही. मग खोल कुठंतरी पाणी पडल्यासारखा आवाज आला. भरभर, लहानसा, न थांबणारा. तिच्या अंगावर काटा आला. रोज उशाशी येणारा आवाज तिला लक्ष्मीच्या पोटात ऐकू येत होता.

मुलगा झाला. निघताना द्वारकाबाई म्हणाल्या, "शहरात दवाखान्यात आम्ही मुली शिकवायला घेतो. तुझी सातवी झालीय, हात चांगला आहे. चैत्री पुनवेच्या दिवशी आमची मोटार पिशोराहून परत जाईल. यायचं तर ये."

दोन महिने मनकर्णानं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त रईसाखालाला. रईसाखाला पिशोरच्या बाजारातली बांगडीवाली. आसरांच्या पोरीला बांगड्या भरायचा मान तिच्याच घराण्याचा. आत्याला तिच्या सासूनं भरल्या होत्या. भरताना एखादी बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर आसरांनी पोर नाकारली असं समजायचे. आजवर वाढली नव्हती.

पुनवेच्या आदल्या दिवशी रईसाखाला टोपली घेऊन मुक्कामाला आली. मनकर्णाला एकटीला गाठून हळूच म्हणाली, "बेटा, इतकं कायको रोती? मेरे अंगूठे में सब है. जरासा दाबला की कट् म्हणून एक जाईल. लोक म्हणतील आसरा नक्को बोल्या. तू मोटारीत बस, किस्सा खतम."

"आणि आत्या?"

"आत्या क्या? आत्या रोएगी, चुप होईल."

रात्रभर मनकर्णाला तेच दिसत राहिलं: बांगडी वाढलेली, आणि आत्या अंधूक डोळ्यांनी ते तुकडे चाचपत बसलेली. आपल्या घराला पाण्यानं टाकलं, असं समजून.

पहाटे ती पूजेचं पाणी आणायला डोहावर गेली. चंद्र मावळतीला होता, पूर्वेला फटफटत होतं. सातव्या दगडापाशी एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती. केस ओलेचिंब. लुगडं कोरडं.

मनकर्णाच्या हातातली घागर तिथंच थांबली.

"तू कोण?" त्या बाईनं विचारलं.

"मी... दगडाबाईची भाची."

"ते नात्याचं झालं. तू कोण?"

"आज हिरव्या बांगड्या भरणार ती."

"आज दिस उगवायचाय अजून." बाई पाण्याशी खेळत होती. पावलाला लागून पाणी वळत होतं आणि पुढं जात होतं. "तू कोण, पोरी?"

मनकर्णाला लाकडी नळीतला आवाज आठवला. "ज्या बाईचं पोर अडलंय," ती म्हणाली, "तिच्याकडं जाणारी."

बाई हसली. अगदी आत्यासारखी, नाकातून.

"तीनदा इचारलंस," मनकर्णा घाबरत म्हणाली. "आता मला जावं लागंल व्हय?"

"ती बोली माझी व्हती, मी घातलेली. तुझं तू बघ की. मला काय इचारतीस?"

आणि पाणी जरासं हललं. दगडावर ओल्या पावलांचे ठसे राहिले, तेही वाऱ्यानं सुकले.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा सगळी वाडी डोहावर जमली होती. बाप पुंजाराम नवं धोतर नेसून उभा होता. कारभारी होते, नातू घेऊन लक्ष्मी होती. आत्या सात दगडांपाशी बसली होती, मांडीवर खणानारळाचं ताट. रईसाखालानं मनकर्णाचा डावा हात हातात घेतला, पहिली बांगडी बोटांवरून सरकवली. अंगठा बांगडीवर आला. तिनं डोळ्यांनीच विचारलं: दाबू?

"नका फोडू, खाला," मनकर्णा मोठ्यानं म्हणाली. तिनं हात मागं घेतला. बांगडी अख्खीच्या अख्खी रईसाखालाच्या हातात राहिली. "आत्या, मला भरायच्या नाहीत. मी द्वारकाबाईंकडं शिकायला जाते."

गलका उठला.

"अगं ए, खुळी का काय तू!" पुंजाराम ओरडला.

"डोह कोपंल," कारभारी म्हणाले. "साऱ्या वाडीचं वाटुळं करशील."

"पोरीला शहराचं वारं लागलं," मागून कुणीतरी बाई म्हणाली.

आत्यानं हात वर केला तसे सगळे गप्प झाले. तिनं आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"पहाटं आलीस तवा तुझ्या अंगाला ओल्या केसांचा वास व्हता," ती म्हणाली. "दिसली व्हय तुला?"

"दिसली."

लोकांत कुजबुज झाली. कुणी हात जोडले.

"तिनं सांगितलं व्हय, जा म्हणून?"

एका 'व्हय'चंच काम होतं. वाडी पाया पडली असती, बापानं स्वतः मोटारीत बसवून दिलं असतं. आणि आत्या? आत्यानं ते आसराचं म्हणणं म्हणून उरलेला सारा जन्म मुकाट सोसलं असतं.

"नाय," मनकर्णा म्हणाली. "ती म्हणाली, तुझं तू बघ. जायचं मीच म्हणते, आत्या. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको."

आत्या ताटातल्या नारळावरून हात फिरवत राहिली.

"मंग रात्री झोपशील कुठं?" शेवटी तिनं विचारलं.

"दवाखान्यातच. खोल्या हायेत म्हणं."

"नदी हाय का तिथं?"

"खाम हाय."

"आवाज येतो का तिचा?"

"माहीत नाही."

"माहीत नाय, आन् निघाली!" आत्या फणकारली. "ऐक. वाहत्या पाण्याच्या आवाजाबिगर झोपायचं नाय. एवढं पाळ. बाकीचं मी हाय तवर बघते." मग तिनं आपला सुरकुतलेला हात रईसाखालापुढं धरला. "आणल्यात तर वाया कशाला घालवतीस? मलाच भर. जुन्या पार झिजल्यात."

रईसाखालानं रडत रडत सगळ्या बांगड्या आत्याच्या हातात भरल्या. एकही वाढली नाही.

मोटारीपर्यंत आत्या आली नाही. बाप आला. मोटार सुटायच्या वेळी त्यानं खिडकीतून एक छोटं पितळी तपेलं आत दिलं. "आत्यानं दिलंय," एवढंच म्हणाला.

खाम मनकर्णाला पहिल्याच दिवशी बघायला मिळाली. पात्र रुंद, पाणी थोडं, आवाज काहीच नाही. मुलींच्या खोलीत तिला झोप येईना. डोळे तांबारलेले, कामात चुका व्हायच्या. द्वारकाबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर तुला परत पाठवावं लागेल. मग एके रात्री न्हाणीतला नळ गळताना तिला ऐकू आला. ती उठली, तपेलं त्याच्याखाली ठेवलं, थोडं तिरपं केलं. टप्, टप्, टपटप्. वाहतं पाणी नव्हे, पण पाणीच. न्हाणीच्या दाराशी अंथरूण ओढून ती अशी झोपली, की सकाळी तिला हलवून उठवावं लागलं.

मुली हसल्या. पुढं त्यांनीच तिला दाराजवळची खाट देऊन टाकली.

ती शिकली. तिला पगार सुरू झाला, शहागंजात खोली मिळाली. खोली बघायला गेली तेव्हा घरमालक जब्बारमियाँ ओशाळून म्हणाले, "नल जरा खराब है, करवा देता हूँ." मनकर्णानं तिथल्या तिथं खोली पक्की केली.

वाडीला ती जात-येत होती. आत्या बोलायची, पण एक अढी मनात धरूनच. सात दगडांना पाणी अजून तीच घालत होती, पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यांचं ऑपरेशन कर, म्हणून मनकर्णा मागं लागली की तिचं ठरलेलं उत्तर, "मला रात्री डोह सोडून ऱ्हाता येत नाय. तुला येतं, बाई."

शेवटी डोळ्यांपुढचा हातही दिसेना, तेव्हा पुंजारामनं तिला बैलगाडीतून पिशोरला आणि मोटारीतून शहरात आणलं. सत्तरी गाठत आलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा डोहाच्या आवाजाबाहेर झोपणार होती. शहागंजाचा गलबला ऐकून तिनं मनकर्णाचा दंड घट्ट धरला. टांगे, भाजीवाले, अजान, कुणाचं तरी भांडण. जेवण गेलं नाही. "मला परत ने," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी नियम मोडला. आता माझं काय खरं नाय."

मनकर्णानं तिचं अंथरूण नळाजवळ घातलं, तपेलं सरळ केलं, मग आठवणीनं पुन्हा तिरपं केलं. बाजार हळूहळू निवला. दुकानांच्या फळ्या लागल्या.

टप्. टप्. टपटप्.

आत्यानं मान उचलली. कान दिला. हातानं चाचपत तपेल्याची कड शोधली आणि ओळखली. हिरव्या बांगड्या पितळेवर किणकिणल्या. एक थेंब बोटावर पडू दिला, तो डोळ्यांना लावला.

"व्हय गं मने," ती म्हणाली, "नदी लई बारीक ठेवलीस."

"सरकारी हाय, आत्या. एवढीच मिळती."

आत्या नाकातून हसली. कूस वळवली, पदर तोंडावर ओढला. मनकर्णा दिवा बारीक करून वळेपर्यंत ती घोरत होती.