ढमालेमामांचं ऐकणं

ढमालेमामांना कुणी काही सांगायला लागलं की ते डोळे मिटून घेत. सांगणाऱ्याचं बोलणं संपलं तरी लगेच उघडत नसत. आणखी काही यायचं राहिलंय का, याची वाट बघत थोडा वेळ तसेच थांबत आणि मग उत्तर देत. गावातल्या लोकांना हा प्रकार चमत्कारिक वाटायचा. कुणी म्हणे, मामांना बसल्याबसल्या झोप लागते. कुणी म्हणे, आरमारात गेल्यापासून गडी शिष्ट झालाय. माझी आई त्यांच्या गावची, म्हणून ते माझे मामा. रक्ताचं नातं काही नव्हतं. पण एरवी दिवसभर तोंड चालणारी आईसुद्धा त्यांच्यासमोर दोन वाक्यं बोलून गप्प व्हायची.

मी नेमका उलट स्वभावाचा. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पुरं करून टाकतो. बायकोला याचा मनस्वी राग येतो. मामांनाही यायचा, आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी तो पुरेपूर काढला.

त्यांचं गाव मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठाला. ते लहान असतानाच त्यांची भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली आणि घर वर डोंगराच्या अंगाला सरकलं. आरमारात का गेलात, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पाण्यानं आमची खाचरं न्हेली. मंग म्या म्हनलं, आता पाण्याकडनंच पगार घ्यावा." हे ते हसून सांगत, पण ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

पन्नासच्या पुढच्या कुठल्याशा वर्षी मीही मॅट्रिकला गटांगळी खाऊन आरमारात भरती झालो आणि सिग्नल शाळेत जाऊन पडलो. पहिल्याच दिवशी मोर्स शिकवायला पेटी ऑफिसर म्हणून वर्गात कोण यावं, तर ढमालेमामा. कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, तुकतुकीत बूट. परमुलखात आपलं माणूस दिसल्यावर मी सगळ्या वर्गादेखत "मामा" म्हणून हाक मारली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हितं मामा न्हाई. मामा मुळशीत ऱ्हायला. हितं पी.ओ. म्हनायचं." त्या संध्याकाळी मी रुसून जेवलो नाही, हे त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिक्षा म्हणून मेसमध्ये बटाटे सोलायला पाठवलं आणि आचाऱ्याला सांगून ठेवलं की पोराला आधी पोटभर खायला घाल.

मोर्सची लिपी पुस्तकात ठिपका आणि रेघ अशी छापलेली असते. आम्ही सगळे ती कविता पाठ करावी तशी घोकत बसलो होतो. मामांनी पुस्तकं काढून घेतली. ठिपका आणि रेघ डोळ्यांना दिसतात, कानाला नाही, कानाला फक्त आखूड आणि लांब आवाज कळतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे पोहे कांडताना दोन बाया समोरासमोर उभ्या राहतात, आणि मुसळांचा ठेका ऐकून पलीकडच्या घरातली म्हातारी कोण कांडतंय ते ओळखते. तसं प्रत्येक अक्षर ठेक्यावरून ओळखायचं. पंजाबी आणि तमिळ पोरांना मामांनी हे मुसळ त्यांच्या त्या हिंदीत कसं समजावलं देव जाणे, पण पोरं शिकली.

माझा कान तयार होता. खोट होती ती घाईची. एकदा संदेशात जहाज बंदरात येतंय अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येत होता. चार-पाच अक्षरं आल्याबरोबर मी उरलेला शब्द ओळखला आणि जहाज आलं असं लिहून मोकळा झालो. जहाज अजून यायचं होतं. मामांनी माझा कागद वर्गाला दाखवला नाही, फाडलाही नाही. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तू जहाज लावलंस बंदराला. आता त्येला हुडकायला कोन जानार न्हाई. म्हंजी ते बुडालं, तर तू बुडवलंस." मग जरा थांबून, "येईल तेवढंच लिव्हायचं. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं न्हाई." त्या संदेशाचे मला शून्य गुण मिळाले.

पुढे नशिबाने आम्ही दोघं एकाच जहाजावर आलो. तिथे मामांचा आणखी एक नेम दिसला. वायरलेसवर आलेला संदेश लिहून घ्यायचा, अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा आणि विसरायचा, असा सगळ्यांनाच नियम असतो. बाकीचे तो पाळतात तेवढा पाळतात. एकदा इंजिनरूममधल्या साताऱ्याच्या गड्याला मुलगा झाल्याचा संदेश मामांनीच घेतला. त्या रात्री त्याच्या शेजारी बसून ते जेवले, त्याच्याशी भाकरी आणि कालवणाच्या गप्पा मारल्या, पण मुलाचा शब्द काढला नाही. सकाळी साहेबांनी बोलावून सांगितल्यावर तो गडी मामांवर उखडला. ताटाला ताट लावून जेवलात आणि एवढी गोड बातमी पोटात ठेवलीत, असं त्याचं म्हणणं. मामा शांतपणे म्हणाले, "म्या ऐकलं हुतं. मला ठावं न्हवतं. ऐकनं येगळं आन् ठावं असनं येगळं." मग कँटीनमधून स्वतः आणलेली बर्फी त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. आम्ही त्यांची पुष्कळ टिंगल केली.

त्याच सुमाराला मामी आजारी पडली. तिचं नाव गंगा. तिला मी दोनतीनदाच पाहिलं होतं. ठेंगणी, बोलकी, नवरा नसताना जावेच्या आणि दिराच्या आधाराने शेत आणि लेक सांभाळणारी. जहाज मुंबईला असताना, तिचा ताप हटत नसल्याचं मामांच्या भावाचं पत्र आलं. मामांनी रजा मागितली. आमचे सिग्नलचे साहेब केरळकडचे, वयाने मामांपेक्षा बरेच लहान, भला माणूस. त्यांनी रजेवर सही केली. पण मामांच्या जागी यायचा माणूस वेळेत आला नाही आणि जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. पुढच्या बंदराला तुम्हाला नक्की उतरवतो, असा साहेबांनी शब्द दिला. मामा "येस सर" म्हणाले. नंतर मला एकदाच म्हणाले, की त्या बाईनं कदी काय मागितलं न्हाई, फकस्त मी येताना दिसलो की काठावर येऊन हुबी ऱ्हाती.

किनारा दिसेनासा होऊन काही दिवस झाले होते. दुपारची पाळी होती आणि मामा यंत्रासमोर, मी शेजारच्या खुर्चीवर. आमच्या जहाजासाठी संदेश आला. मामांनी डोळे मिटले आणि लिहायला सुरुवात केली. मीही सवयीने ऐकू लागलो. त्यांचं नाव आलं. मग 'पत्नी' या अर्थाचा शब्द आला आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर आलं. ते अक्षर मी ओळखलं, शब्दही ओळखला. मामांची पेन्सिल पुढे गेली नाही, मागेही राहिली नाही. एकेक अक्षर येत गेलं, तसं ते लिहीत गेले. संदेश संपला. ते थोडा वेळ थांबले. मग मिळाल्याची खूण पाठवली, कागदावर वेळ घातली, टोपी नीट केली आणि साहेबांकडे निघाले. मी कानावरची यंत्रं बाजूला ठेवून त्यांच्या मागे गेलो. पाळी सोडून असं जाणं गुन्हा होता, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

साहेबांनी कागद वाचला. मामा समोर सावधान उभे. साहेबांची नजर कागदावरून वर येईना. या माणसाला काय सांगायचं, याने तर स्वतःच्या हाताने लिहून आणलंय, असं त्यांच्या मनात आलं असणार. शेवटी मामाच बोलले.

"साब, ये आपने बोलने का है. मेरेको अभी मालूम नहीं."

साहेब उठून उभे राहिले. तुमची पत्नी वारली, एवढं त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मला फार वाईट वाटतं असं म्हणाले. मामांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग त्यांचे खांदे एकदम खाली आले. पाळी संपायला अजून वेळ आहे, मी जागेवर जाऊन बसू का, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी मानेनेच नको म्हटलं, आणि मला म्हणाले, तू जा, यांच्या जागेवर बस. मी गेलो. त्या दिवशी मी एक अक्षरही ओळखू पाहिलं नाही.

बंदर यायला बरेच दिवस लागले. साहेबांनी माझीही रजा मंजूर केली आणि मामांच्या सोबत पाठवलं. पौडपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, मग होडी. सुगीचे दिवस होते, काठावरच्या खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती. होडीपाशी मामांचा भाऊ आला. तेरावं उरकलं होतं. त्याने काठावरच सगळं सांगितलं. दवाखान्यात न्यायला म्हणून घोंगडीची झोळी करून तिला पाण्यापर्यंत आणलं होतं, होडीत घातलं होतं, पण "वैनी शेवटचं दोन दीस सुदीवरच न्हवत्या, दादा. एक सबुद बोलल्या न्हाईत."

घरात मामांची मुलगी तारा चुलीपाशी बसली होती. आठनऊ वर्षांची असेल. मामा भिंतीला टेकून खाली बसले. मग ते तिला म्हणाले, "तू सांग." पोरीने काकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला लागली. ताप कसा आला, काढा कुणी दिला, झोळी कुणी धरली. आणि मध्येच म्हणाली, "होडीत आईनं इचारलं, तुजं बाबा बोटीवनं निघालं का. म्या म्हनलं, व्हय, निघालं. मंग ती हसली." काकाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिलो. मामा डोळे मिटून ऐकत होते. तिचं संपल्यावर थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आनिक काय म्हनली?" पोर म्हणाली, "म्हनली, भात चांगलं झालंया, त्यास्नी सांग."

पुढे दरवर्षी पितृपंधरवड्यातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी, अहेव गेलेल्या बाईचं पान वाढतात त्या दिवशी, मामा रजा काढून घरी यायचे. निवृत्त झाल्यावर तर घरीच होते. जेवणं झाली की ताराला समोर बसवून म्हणायचे, "सांग." मी दोनतीन वर्षं हजर होतो. दरवर्षी मामी थोडं जास्त बोलायची. एका वर्षी तिने नवऱ्याच्या पांढऱ्या कपड्यांची आठवण काढली. एका वर्षी होडीवाल्याला म्हणाली, जरा हळू, मागनं त्येंची होडी येत आसंल. मला ते बसून ऐकवेना. माझं एक अक्षर पदरचं निघालं तर शून्य देणारा हा माणूस, आणि इथे सगळं पदरचं खपवून घेतोय. दुःखाने यांचा कान गेला, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

मामा फार जगले नाहीत. पोटाचं दुखणं निघालं, पुण्याला दवाखान्यात नेलं, तिथून आता घरीच राहू द्या म्हणून परत पाठवलं. मी भेटायला गेलो, त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. त्या भेटीत तारा उरवड्याहून, सासरहून आलेली होती, कडेवर मूल. मामांच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. दुपारी तिला जवळ बोलावून ते म्हणाले, "सांग." नवमी नव्हती, काही नव्हतं.

तिने ताप कसा आला तिथून सुरुवात केली. काढ्यापर्यंत आली आणि तिला रडू कोसळलं. "बाबा, आई काय बी बोलली न्हवती वो. तिला सुदच न्हवती. तुमी आसं बसला हुता, म्हून म्याच म्हनलं. सगळं म्याच म्हनलं."

मामांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला, पोरी," ते म्हणाले. "तुज्या काकानं काठावरच सांगितलं हुतं. पर तू सांगतीस तवा म्या तितं असतुया, तिच्यापाशी. येरवी मला जायाला वाट न्हाई."

तारा पदराने डोळे पुसत राहिली. त्यांनी हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"सांग पुढं. होडीत बसल्यावं काय म्हनली?"