बदामाच्या सावलीतली मैत्रीण

लाओसकडचा कोरडा वारा डोंगर उतरून व्हिएतनामच्या व्हिन शहरात आला की न्यानबाई घराबाहेर पडत नाहीत, त्यांचे कपडे बाहेर पडतात. टोपीवाला फुलाफुलांचा अंगरखा, हातमोजे, स्कूटरवर पाय झाकायला कमरेचं फडकं, मास्कवर मास्क, काळा चष्मा आणि वर हेल्मेट. एकदा सख्ख्या लेकीने, लुआने, बाजारात "सरका हो मावशी" म्हणत त्यांना बाजूला ढकललं होतं. न्यानबाई वाम माशाची पेज विकतात. चुलीची धग पोटासाठी सोसावी लागते, उन्हाची कशाला सोसायची, असं त्यांचं म्हणणं.

व्हिनमध्ये उन्हाळ्यात सिग्नल लाल झाला तर सिग्नलपाशी कुणीच थांबत नाही. बरंच अलीकडे जंगली बदामाचं झाड आहे, त्याच्या सावलीत सगळ्या स्कूटरी गोळा होतात. मागच्या उन्हाळ्यात न्यानबाई घाईघाईने पुढे उन्हात जाऊन थांबल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. स्कूटर कलंडणार, तेवढ्यात नखशिखान्त झाकलेल्या एका बाईने त्यांना दंडाला धरून सावलीत ओढलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि मास्कखालून नळी सरकवून मीठ-साखरेचं लिंबूपाणी पाजलं.

"कुठे आग लागलीय, ताई? जीव राहिला तर उशीर तरी होईल!" ती बाई ओरडली.

तेव्हापासून दोघी रोज त्या सावलीत भेटू लागल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं आणि तोंड तर कुणी कुणाचं पाहिलं नाही. आवाजही मास्कवरच्या मास्कमधून घोगराच यायचा. त्या बाईचा एक हातमोजा हरवला तेव्हा न्यानबाईंनी आपल्याकडचा एक देऊन टाकला. मग तिचा डावा हात तपकिरी आणि उजवा जांभळा दिसायचा.

या वर्षी लुआचं लग्न ठरत होतं. मुलगा सोन्यासारखा, पण त्याच्या आईने, थीनबाईंनी, साखरपुड्याला भरदुपारचा मुहूर्त काढून पाठवला. न्यानबाईंचे वडील पंच्याऐंशीचे. आदल्या वर्षी ते उन्हात घेरी येऊन पडले होते. न्यानबाईंनी निरोप धाडला, पहाटेचं बघा. उलट निरोप आला, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. पोरं बिचारी दोन्हीकडे निरोप वाहून रडकुंडीला आली.

घरचं भांडण रस्त्यावर सांगायचं तर अर्धंच सांगावं. न्यानबाई सावलीत एवढंच म्हणाल्या, "माझी होणारी विहीण हट्टाला पेटलीय."

"माझीसुद्धा!" मैत्रीण म्हणाली. "वाकू नका हं, ताई. आज वाकलात तर जन्मभर वाकाल."

"तुम्हीही वाकू नका," न्यानबाईंनी तिला बळ दिलं. सिग्नल सुटला, दोघी ताठ मानेने आपापल्या वाटेला लागल्या.

शेवटी थीनबाई स्वतः बोलणी करायला आल्या. उन्हासाठी अंगावर चढवलेलं सगळं फाटकाबाहेर उतरवून, ओठ रंगवून घरात शिरल्या. लुआने हिरव्या पानांचा गरम चहा ओतला. तिचा सगळा संसार त्या दोन पेल्यांमध्ये अडकला होता.

"पाहुणे ठरल्या वेळी येतील," थीनबाई म्हणाल्या. "माझी एक मैत्रीण आहे, फार शहाणी. ती म्हणाली, वाकू नका."

"माझ्याही मैत्रिणीने मला तेच सांगितलंय," न्यानबाई म्हणाल्या. "आणि ती तुमच्या मैत्रिणीपेक्षा शहाणी आहे."

"मग तिच्याच घरी द्या मुलगी!" थीनबाई उठल्या आणि तरातरा फाटकाबाहेर गेल्या. आत लुआने तोंडावर पदर घ्यावा तसा टॉवेल घेतला.

न्यानबाई दारातून बघत राहिल्या. थीनबाईंनी फडकं गुंडाळलं, अंगरखा चढवला, मास्क लावले. मग तपकिरी हातमोजा घातला. मग जांभळा.

न्यानबाई आत पळाल्या, हेल्मेटसकट सगळा जामानिमा अंगावर चढवून बाहेर आल्या आणि थीनबाईंच्या स्कूटरपाशी उभ्या राहिल्या. थीनबाईंचा किल्लीवरचा हात तिथेच थांबला.

"ताई," न्यानबाई मास्कमधून म्हणाल्या, "माझी होणारी विहीण अडून बसलीय बघा."

काळ्या चष्म्याने काळ्या चष्म्याकडे पाहिलं.

"कशावरून?" थीनबाईंनी हळूच विचारलं.

"भरदुपारचा मुहूर्त हवाय तिला. माझे वडील पंच्याऐंशीचे. मागच्या वर्षी उन्हात पडले होते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत तिला?"

"पहाटेचं बघा एवढंच कळवलं. कारण सांगायला कमीपणा वाटला."

"आणि तिने विचारलंही नाही. बिनडोकच आहे बाई!" थीनबाईंनी मास्कखालून नाक ओढलं. "पहाटे करा म्हणावं. ऊन चढायच्या आत सगळे जेवून घरी."

"असल्या घरात मुलगी देऊ ना, ताई?"

"द्या," थीनबाई म्हणाल्या आणि जांभळ्या हाताने त्यांचा दंड घट्ट धरून त्यांना भिंतीच्या सावलीत ओढलं. "ती बाई वाईट नाही हो. मैत्रीण तेवढी आगलावी मिळाली तिला."