सारी किंमत वजनात: एका दोनसीटी गाडीच्या सौद्यासाठी नागपूर ते वणी

वणीला फिरायला कोणी जातं का? नाही जात. मीही फिरायला गेले नव्हते, गाडी विकायला गेले होते. तरी लिहितेय, कारण ताडोब्याला जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे काय खावं, असं विचारणारे वाचक आहेत. आणि खरं सांगायचं तर ही मळमळ कुठंतरी ओकायला हवीच होती.

आधी गाडीबद्दल. दोन सीट, डोक्यावर छप्पर नाही, अंग फायबरचं. आपल्या देशात अशा फारच थोड्या बनल्या आणि बनवणारा कारखाना कधीच मिटला. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये लिलाव सुरू व्हायचा. वणी माझं माहेर, आमच्या बाबांचे तिथं कोळशाचे ट्रक होते. बदली होऊन जाणाऱ्या एका खाण अधिकाऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली, आणि घरात फक्त मला चालवू दिली. इंजिन साध्या लहान गाडीचंच, पण ओढायला वजन नाही, त्यामुळे पाय टेकवला की सुटायची. मारेगावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कपाशी, बूड जमिनीपासून वीतभर वर, आणि वळण नुसतं मनात आणावं तर गाडी वळलेली! लग्नाआधीचं माझं निम्मं सुख त्या गाडीत होतं, हे नवऱ्यालाही ठाऊक आहे.

बाबा गेल्यावर वावराच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. नाही केली तर माहेर तुटतं. सही करताना म्हटलं, मले फक्त गाडी दे. माझा धाकटा भाऊ गजू तेव्हा ढसाढसा रडला होता. नागपुरात आमच्या फ्लॅटला पार्किंग नाही, म्हणून गाडी वणीत त्याच्याकडेच राहिली. ट्रकचा धंदा आता तोच बघतो.

आता मला पोळीभाजी केंद्र काढायचं आहे, तेही नवऱ्याच्या पैशानं नाही. गाडीला पुण्याचे एक शौकीन गृहस्थ गिऱ्हाईक मिळाले. त्यांनी बोललेल्या पैशात नागपुरात एक लहान गाळा आरामात आला असता. त्यांची अट एकच, अंग मूळचं पाहिजे, कारण या गाडीला जी मागणी आहे ती तिच्या हलकेपणाला. तेव्हाच मी गजूला फोनवर बजावलं होतं, "सांभाळ बाप्पा, त्या गाडीची सारी किंमत तिच्या वजनात आहे." तो म्हणाला, "ताई, टेन्शनच नोको घेऊ."

जानेवारीत सकाळी सातला नागपूर सोडलं. वरोऱ्यावरून वणी जवळ पडतं, पण त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागे एक असतात आणि काच खाली केली की तोंडात काळी चव येते. म्हणून मी हैदराबाद हायवेनं गेले. जांबला तर्रीपोहे खाल्ले (तर्री वेगळी मागा, नाहीतर पाणी देतात), हिंगणघाट मागे टाकलं आणि करंजीला न वळता सरळ पांढरकवड्याकडे निघाले. केळापूरच्या देवीला सौदा पार पडू दे म्हणून सांगायचं होतं. डिझेल, टोल, नारळ सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं. देवळाबाहेर बोरं विकणाऱ्या बाईनं विचारलं, "एकट्याच आल्या काय वो?" हो म्हटलं, तर तिनं मूठभर बोरं जास्तीची टाकली. बोरं गोड होती. त्या फेरीतलं तेवढंच गोड निघालं, असं आता म्हणायला हरकत नाही.

मागे करंजीला येऊन मारेगावच्या रस्त्याला लागले. रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झालाय की आमच्या गाडीनं तिथं काय धमाल केली असती! वेचणीच्या बाया डोक्याला फडकी गुंडाळून शेतात, आणि जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींना लटकलेला. बाबांचं वावर रस्त्यावरूनच दिसतं. तूर कापणीला आली होती. मी थांबले नाही.

गजूनं दारातच पाया पडून स्वागत केलं. त्याच्या बायकोनं, सवितानं, वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली होती. "गाडी कुठाय रे?" विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. "उद्याच पाह्यजो ताई. पुण्याचा साहेबबी पाहीन, तूबी पाहशीन. सरप्राईज हाये!" मला आपलं वाटलं, धुऊनपुसून पॉलिश केली असेल.

दुसऱ्या दिवशी नऊला पुणेकर भाड्याच्या गाडीनं आले. बारीक, मऊ बोलणारा माणूस. आम्ही गजूच्या ट्रकच्या आवारात गेलो. गजूनं ताडपत्री ओढली.

माय वो! माझी गाडी आत कुठंतरी होती, पण वर तिनं ट्रकचं अंग चढवलेलं होतं. फायबरवरून लोखंडी पत्रा, कडेनं अँगल, पुढे म्हैस अडवेल असा गार्ड, डोक्यावर वेल्डिंग केलेलं छप्पर. रंग नवा, लालभडक. मागच्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत 'ताईची गाडी'.

पुणेकरांनी खिशातून लहानसं लोहचुंबक काढलं आणि दारावर ठेवलं. टक्! चिकटलं. बॉनेटवर ठेवलं, तिथंही टक्. (असली गाडी घ्यायला जाल तेव्हा हे कराच. फायबरला चुंबक धरत नाही.) त्यांनी पत्र्याच्या सांध्यात बोट घालून बघितलं. आत फायबरला जागोजागी भोकं पाडून बोल्ट आवळले होते. त्यांचा चेहरा मयताला आलेल्या माणसासारखा झाला.

"हे काय केलंत हो?" त्यांनी विचारलं.

गजूला ते कौतुकच वाटलं! "साहेब, असं तोंडी नाही. काट्यावर चला, मग बोला." आणि आम्ही थांब म्हणेपर्यंत त्यानं गाडी काढून शेजारच्या वजनकाट्यावर नेली, जिथं रोज कोळशाचे ट्रक तोलतात. ट्रकवाले भोवती जमले. लाल आकडा उजळला तसा गजू ओरडला, "पाह्य ताई! पहिले सातशे किलोबी नव्हती भरत. आता अकराशेच्या वर गेली!"

"गजू, हे काहून केलं तू?"

"काहून म्हणजे? तूच तर सांगतलं, सारी किंमत वजनात हाये. मंग वाढवलं वजन! ट्रकच्या बॉडीवाल्याले महिनाभर बसवलं."

इथं कापूस वजनावर जातो, कोळसा वजनावर जातो, तूर वजनावर जाते. जास्त भरलं तर जास्त पैसे, हे गजूच्या आईच्या दुधातलं गणित, आणि माझी आईही तीच. चूक कोणाची म्हणायची? खर्चाचा एक पैसाही त्यानं मागितला नव्हता. त्यामुळे ओरडायलाही जागा नाही, आणि मला तर त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता.

पुणेकर हात जोडून निघून गेले. काट्यावरचा एक भंगारवाला मात्र खुशीत होता. "बाई, आता इकून टाका. लोखंड लय हाये, किंमत चांगली बसते."

तेव्हा माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "गजू, माझा वाटा गेला. आता वावरातलं दे थोडं."

तो हसायचा थांबला. "सही तर केलती ना तू."

"केलती. गाडीच्या भरवशावर केलती."

"पैशासाठी येवढी हलकी होशीन असं नव्हतं वाटलं, ताई," तो हळूच म्हणाला. जमलेल्या लोकांनी माना खाली घातल्या, जणू चोरी मीच केली होती.

जेवायला मी थांबले नाही. वरोऱ्यावरूनच परतले, ट्रकमागे ट्रक, आणि काच उघडीच ठेवली. जायचं असेल तर दुपारी हा रस्ता टाळा. घरी नवऱ्यानं चहा पुढं ठेवला, याबद्दल त्याची मी आभारी आहे. गाडी वणीतच आहे. गजूला तीन वेळा फोन केला, वावराचं काय म्हणून. पहिल्यांदा म्हणाला, "पाह्यतो." त्यानंतर उचलला नाही.

गेल्या आठवड्यात वणीहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं एक पोतं आलं, नवी तूरडाळ. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. परत पाठवायचं म्हणून दोन दिवस दारातच ठेवलं. तिसऱ्या दिवशी उसवलं आणि वरण लावलं. डाळ छान शिजली, एका शिट्टीत. आमच्याच वावरातली आहे. आमच्या म्हणजे, गजूच्या.